बाकीचं मी बघतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, राग आत साठवू नका, वहीत लिहून काढा. म्हटलं, बाई, माझा राग आत कधी साठतच नाही, आमच्या जिन्यात कुणालाही विचारा. त्या हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं? गोळ्या दिल्या त्या दिल्या, वर हा गृहपाठ. ठीक आहे, लिहिते. दुपारी पाठ टेकण्याआधी तेवढा वेळ असतो.

आजचा राग म्हणजे आमचे हे.

ह्यांनी उभा जन्म बस चालवली. गेल्या वर्षी रिटायर झाले, तेव्हापासून घरात बसून मला चालवतात. आज सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी गाडीची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "आजपासून गाडी तू चालवायची."

"का? तुमचे हात मोडलेत?"

"कंटाळा आला. आयुष्यभर लोकांना पोचवलं."

घ्या! लोकांना आयुष्यभर पोचवलं आणि बायकोला पोचवायचा कंटाळा. मी पडदे शिवते. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, शिवून झाले की गठ्ठा घेऊन जायचं, स्टुलावर चढून टांगून द्यायचे. ते गठ्ठे छातीशी धरून मी वर्षानुवर्षं बसमधून नेले, तेव्हा कितीदा म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. तेव्हा उत्तर काय, तर "घरात एक ड्रायव्हर पुरे." आता केस पांढरे झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर म्हणतात, शीक. आणि नुसतं शीक नाही, लवकर शीक! एवढी कुठे आग लागलीय ते कळू दे तरी.

खरं कारण मला माहीत आहे. मागच्या महिन्यात गाडी गेटच्या खांबाला घासली. तेव्हा म्हणाले, खांब पुढे आलाय. आता पुढची घासाघीस माझ्या नावावर जावी असा डाव आहे. उद्या शिकाऊ लायसन्स काढायला जायचं म्हणे. तारीखसुद्धा घेऊन ठेवलीय, मला न विचारता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिला धडा, बाजारामागच्या रिकाम्या मैदानात. गाडी इतक्या वेळा बंद पडली की शेवटी तिथली कुत्रीसुद्धा कंटाळून उठून गेली.

"अगं, क्लच म्हणजे मशीनचं पायडल नाही दणादण मारायला! हळू सोड."

"मग तसं आधी सांगायचं."

"आधीच सांगितलं!"

"ओरडून सांगितलंत. ओरडलेलं मला ऐकू येत नाही."

पण हे काहीच नाही. खरा जाच पुढेच आहे. ह्यांच्या डेपोत नव्या ड्रायव्हरला शिकवायची एक रीत होती म्हणे. शिकणाऱ्याने जे जे दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायचं. डावीकडे सायकल, पुढे खड्डा, समोरून ट्रक, असं सगळं. बोलणाऱ्याला डुलकी लागत नाही आणि त्याचं लक्ष भरकटत नाही. तर आता मीही तसंच चालवायचं.

"मी काय पोपट आहे?"

"जे बोलली नाहीस, ते तुला दिसलं नाही असं मी धरणार."

रिकाम्या मैदानात काय बोलायचं, कपाळ? तरी बोलले. "समोर भिंत. भिंतीवर कावळा. शेजारी एक कटकट्या माणूस." ह्यावर हे गालातल्या गालात हसले. मी आरशात मागचं बघायला गेले तर म्हणाले, "आरसा नंतर. आधी रस्त्याकडे बघ. बाकीचं मी बघतो."

मोठे आले बाकीचं बघणारे. घरी आल्या आल्या ह्यांनी चहा ओतला तो निम्मा बशीबाहेर.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जिन्याची भिंत गेल्याच महिन्यात रंगवून घेतली. आज बघते तर वरपासून खालपर्यंत हाताचे डाग! सरळ चालता येत नाही का माणसाला? भिंतीला हात लावत उतरतात आणि वर विचारलं की म्हणतात, "भिंत मजबूत आहे का बघत होतो." मी फडकं ओलं करून सगळी भिंत पुसली. पुसता पुसता जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी एका गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीच्या पडद्यांना चुण्या घालत बसले होते. पिवळसर कापड, जाड, मशीनच्या सुईला त्रास देणारं. हे खुर्ची ओढून अगदी समोर बसले आणि बघत राहिले. पेपर नाही, टीव्ही नाही, काही नाही. आधी वाटलं मशीन बिघडलंय का बघतायत. मग कळलं, माझ्याकडेच बघतायत.

"काय बघता?"

"बघतोय."

"काही कामधंदा नाही का तुम्हाला?"

"नाही."

आणि बसले तसेच. समोर कुणी टक लावून बसलं की माझी शिवण वाकडी जाते. गेलीच. उसवून पुन्हा घातली. उद्यापासून मशीनच्या खोलीचं दार लावून घेणार आहे.

फ्रिजमध्ये भाज्यांच्या कप्प्यात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली सापडली. विचारलं तर म्हणे, डोळे कोरडे पडतात, वय झालं. मग ती भाज्यांत कशाला? दुधाशेजारी जागा नव्हती? शिस्त म्हणून नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आता मोठ्या रस्त्यावर जाते. आज चौक पार केला. माझे दोन्ही डोळे गाड्यांवर, पण ह्यांचं लक्ष भलतीकडेच.

मी म्हटलं, "डावीकडे सायकल."

"सायकलवर कोण?"

"बाई आहे."

"कशी?"

"कशी म्हणजे? बाईसारखी बाई!"

"नेसलीय काय, नीट सांग."

आता हे कुठल्या डेपोत शिकवतात, मला सांगा! चौकात चार बाजूंनी गाड्या येतायत आणि मी परक्या बाईच्या अंगावरच्या कपड्यांचा रंग सांगतेय. सांगितला. जांभळा म्हटलं. तर म्हणतात, "जांभळे खूप असतात. कुठला?" मग मलाच राहवलं नाही. रंगाच्या बाबतीत मी अर्धवट बोलू शकत नाही, धंदाच तो आहे माझा. म्हटलं, वांग्याचा नाही, पिकलेल्या जांभळाचाही नाही. धुऊन धुऊन विटलेला, शिवणीत मात्र अजून गडद असलेला जांभळा. ह्यांनी डोळे मिटले आणि "हां" म्हणाले. एखाद्याला पाणी मिळाल्यावर म्हणतात तसं. शिकवणाऱ्याने डोळे मिटायचे? मी तिथेच झापलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मला वाटतं हे प्यायला लागलेत.

उगाच नाही म्हणत, पुरावे बघा. चालताना भिंत धरतात. चहा बाहेर ओततात. काल दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि चौकटीलाच शिव्या दिल्या. समोरच्या घरातल्या काकूंनी बाजूने हाक मारली तर ढिम्म, वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या मला म्हणाल्या, "साहेब रिटायर झाल्यावर ओळख विसरले वाटतं." लाजेने मला तोंड लपवायला जागा उरली नाही. आणि आज तर कमालच. ह्यांचा जुना कंडक्टर, जन्माचा दोस्त, ह्यांना घेऊन गेला होता, पेन्शनचं काम आहे म्हणून. परत आले ते त्याच्या दंडाला धरून! भर दुपारी!

मी दारातच गाठलं. "तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा म्हणते ना. वास घेऊ दे."

कंडक्टर बिचारा चपला घालून पुन्हा काढायला लागला. ह्यांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. वास चहाचा. फक्त चहाचा. तरी माझा विश्वास नाही, हल्ली वास न येणारंही मिळत असेल.

"वहिनी," कंडक्टर म्हणाला, "मी शपथेवर सांगतो, तसलं काही नाही."

"मग कसलं आहे?"

तो ह्यांच्याकडे बघायला लागला आणि हे छताकडे. दोघांनी मिळून इतकी वर्षं बस हाकली, आता दोघे मिळून मला हाकतायत.

रविवार, २ मार्च

माझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही?

गिऱ्हाइकाकडे अकराला पोचायचं होतं, झोपायच्या खोलीचे पडदे टांगायला. गठ्ठा मागच्या सीटवर. हे म्हणाले, "इथून डावीकडे घे." घेतली. पुढे म्हणाले, "आता सरळ." सरळ गेले. बघते तर आम्ही लेकीच्या शाळेसमोर! मुलगी शिकून, नोकरीला लागून, दुसऱ्या गावी संसार थाटून बसली, आणि आम्ही तिच्या शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभे.

"बोल," म्हणाले.

"काय बोल? फाटक आहे. बंद आहे. आज सुट्टी आहे."

"रंग?"

"हिरवा. गंजलाय खालून."

"घसरगुंडी आहे का अजून?"

मी म्हटलं, "समोर तर आहे! तुम्हाला डोळे नाहीत का?"

तर हे हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, रुमाल काढून पुसलं. यात हसण्यासारखं काय होतं, हे मी दुसऱ्यांदा लिहितेय या वहीत. मला कुणीतरी सांगेल का, लोक मला बघून का हसतात?

तिथून जुन्या डेपोवर. तिथून आम्ही लग्नानंतर राहायचो त्या भाड्याच्या खोलीखाली. खिडकीत माझ्या हातचा पहिला पडदा होता तेव्हा, ह्यांच्या जुन्या गणवेशाचं कापड उसवून शिवलेला. आता तिथे कुणाचे तरी मोजे वाळत होते. हे म्हणाले, मोजे कुठल्या रंगाचे. मग नदीकाठी. तिथे गाडी बंद करायला लावली आणि खिडकीची काच खाली करून बसले. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. मला म्हणाले, "थोडं बस गं निवांत." निवांत! तिकडे गिऱ्हाईक उघड्या खिडक्यांसमोर माझ्या नावाने बोटं मोडत असेल. मी गाडी सुरू केली, गिअर करकरला, आणि नदी राहिली बाजूला. पोचायला उशीर झाला तो झालाच. बोलणी मी खाल्ली, हे गाडीत बसून शीळ घालत होते.

शुक्रवार, ७ मार्च

लेकीचा फोन आला. आधी बाबांशी, बराच वेळ. हे बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलत होते. बापलेकीत काय शिजतंय देव जाणे. मग फोन माझ्याकडे.

"आई, बाबांवर ओरडू नकोस गं."

"मी ओरडत नाही. मी बोलते."

तिने घसा साफ केला आणि म्हणाली, "नाही, नको. ओरड. आहेस तशीच ओरडत राहा."

ही मुलगी थकलीय. हिच्या नवऱ्याला सांगायला हवं, जरा विश्रांती दे म्हणून.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, राग नसला तरी. आज परतीच्या वाटेवर उतारावर गिअर असा बदलला की कळलंच नाही. लोण्यातून सुरी. ह्यांनी डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. बसमध्ये कंडक्टर दोन घंट्या देतो ना, चला, सगळं ठीक, तसं. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या वळणाला इंडिकेटर द्यायचा राहिला. लगेच ओरडले. मेलं दोन मिनिटं सुख नाही.

शनिवार, १५ मार्च

आज काही लिहिणार नव्हते.

सकाळी गिऱ्हाइकाने पडदे परत केले. म्हणे रंग नमुन्यासारखा वाटत नाही. नमुना त्यांनीच निवडलेला, माझ्यासमोर! डोकं आधीच तापलेलं, त्यात गाडीत हे शेजारी. "बोल. गप्प का? बोल." गोदामाच्या बाजूचा लांबलचक रस्ता, बोलण्यासारखं काही नाही. माझी सटकली. म्हटलं, थांबा, बोलतेच.

"तुमच्या खिडकीतून बघा. पांढरा घोडा. मोकळा. उभाय आपला रस्त्याच्या कडेला."

मला वाटलं, आता म्हणतील, घोडा कसला, तुझं डोकं! भांडण होईल, मला मोकळं वाटेल. तर ह्यांनी मान वळवली. खिडकीकडे तोंड करून बघितलं, सावकाश, कौतुकाने.

"वा," म्हणाले. "काय देखणं जनावर आहे. मान कशी ताठ धरलीय."

तिथे गोदामाची भिंत होती. सिमेंटची, आंधळी, लांबच लांब भिंत. दुसरं काही नव्हतं.

मी ब्रेक दाबला. आरसा नाही, इंडिकेटर नाही. मागचा माणूस हॉर्न वाजवत, शिव्या देत बाजूने गेला. "काय झालं? काय आलं मध्ये?" हे समोर बघत विचारत होते. समोर काहीच नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं.

घरापर्यंत गाडी आणली. एक शब्द बोलले नाही. ह्यांनीही "बोल" म्हटलं नाही.

रविवार, १६ मार्च

सगळ्या जगाला माहीत होतं. लेकीला. कंडक्टरला. दवाखान्याच्या दारावरच्या माणसालासुद्धा माहीत असेल. एक मी सोडून.

आज ह्यांना समोर बसवून विचारलं, तेव्हा सांगितलं. काचबिंदू. गेली कित्येक वर्षं, न दुखता न खुपता, कडेने नजर खात आलाय. खांबाला गाडी घासली त्या आठवड्यात कंडक्टरने ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजपासून गाडीला हात लावायचा नाही. गेलेलं परत येत नाही. एका डोळ्यात काही उरलेलं नाही, दुसऱ्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. औषधाने किती दिवस थोपेल ते सांगता येत नाही, पण फार नाही.

मी आधी काय बोलले माहीत आहे? म्हटलं, "म्हणजे आंधळ्या माणसाच्या भरवशावर मी चौकातून गाडी काढत होते?"

"माझ्या भरवशावर तू नव्हतीस," हे म्हणाले. "तुझ्या भरवशावर मी होतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू भांडायची थांबली असतीस."

"म्हणजे?"

"हळू आवाजात बोलली असतीस. हाताला धरून जिना उतरवला असतास. ते नंतर आहेच, लागेलच. पण जेवढं दिसतंय तेवढ्यात मला तू आहेस तशी बघायची होती. नाक लाल करून भांडणारी."

"आणि ती शाळा? तो डेपो? ते मोजे?"

"तेही बघून घ्यायचं होतं. मला जे सापडत नव्हतं ते तू सांगत होतीस. तू सांगितलंस की मला नीट दिसायचं."

बोलून झाल्यावर असे बसले, जणू फार समजूतदारपणा केलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही घेतलंत बघून. नदी बघितलीत, मला बघितलंत, सगळं पोटभर बघितलंत. आणि मी? मला वाटत होतं हे रोजचंच आहे. नदीवर मी घड्याळ बघत बसले होते! तुम्ही मला बघत होतात तेव्हा मी शिवण उसवत होते, तुमच्यावर खेकसत होते, भिंती पुसत होते. मला सांगितलं असतंत तर मीही बघितलं असतं ना! तुम्ही एकटे जेवून उठलात. माझंही ताट वाढलेलं होतं, हे मला सांगितलंसुद्धा नाहीत. माझे दोन महिने मला परत द्या!"

शेवटी शेवटी आवाज फाटला. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली ते ऐकू आलं.

ह्यांनी उठून आमचीही खिडकी लावली. मग म्हणाले, "हे मला सुचलं नाही. चुकलं माझं."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि त्याची मजासुद्धा घेता आली नाही मला. स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. मग औषधाची बाटली भाज्यांतून काढून दुधाशेजारी ठेवली. जागा होती.

गुरुवार, २० मार्च

चार दिवस मी अगदी शहाण्यासारखी वागले. स्टूल वाटेतून उचललं. चहा मी ओतला, कप हातात दिला. हळू बोलले. "हवंय का काही? बरं वाटतंय का?" असं विचारत होते.

आज जेवताना हे ताट सारून म्हणाले, "भाजीत मिठाचा पत्ता नाही, आणि तू मला विचारतेस आवडली का! काय चाललंय काय घरात?"

मी भाजी चाखली. खरंच मीठ नव्हतं. म्हटलं, "मीठ समोर आहे. हात आहेत ना? उजवीकडे, पाण्याच्या पेल्यामागे. पेला सांडलात तर बघा!"

ह्यांनी हात पुढे केला, पेला चाचपला, मागची मिठाची बरणी घेतली. मग इतक्या समाधानाने जेवले की मला पुन्हा राग आला. माणसाने निदान थोडं तरी वाईट वाटून घ्यावं.

शुक्रवार, २८ मार्च

नापास! मी! आणि कशामुळे, तर बोलल्यामुळे!

परीक्षा घेणारा साहेब माझ्या लेकीएवढा. गाडी सुरू केली आणि सवयीने बोलायला लागले. "समोर स्कूटर, वर दोघे, मागच्याच्या हातात कुंडी. डावीकडे पांढरी गाडी, दार उघडतंय. उजवीकडे दुकान, फळी निळी, नुकती रंगवलेली..."

साहेब म्हणाला, "बाई, गप्प बसून चालवा."

गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर मला काही दिसेचना! शप्पथ. गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली, थांबायच्या रेघेवरून पुढे गेले. साहेबाने नकारार्थी मान हलवली. म्हटलं, "तुम्हीच तोंड बंद करून चालवून दाखवा, मग बोला." ते बोलायला नको होतं बहुतेक.

हे बाकावर बसले होते, कंडक्टरबरोबर. ऐकून दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. माझ्या नापास होण्याचा एवढा आनंद. "डेपोची पोरंही पहिल्यांदा अशीच नापास व्हायची," हे म्हणाले.

शुक्रवार, ११ एप्रिल

तोच साहेब. बसल्या बसल्या सांगितलं, "साहेब, मी बोलणार. तुम्हाला त्रास होत असेल तर कानात बोळे घाला." त्याने बोळे घातले नाहीत. वळणावर एका भिंतीवरच्या वेलीचा रंग सांगितला तेव्हा तो मान वाकडी करून बघायलासुद्धा लागला.

पास. गाडीत येऊन बसले आणि डॅशबोर्डवर पेराने दोनदा टकटक केलं. ह्यांनी हात पुढे करून माझा हात शोधला, आधी गिअर हाताला लागला, मग हात.

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, नळी आणखी बारीक झालीय. हे मला ह्यांनी स्वतः सांगितलं, त्याच दिवशी, घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी. एवढी तरी सुधारणा.

रविवार, २७ एप्रिल

आता ह्या माणसाचं काय करायचं ते मला सांगा.

आज मीच म्हटलं, नदीवर जाऊ. घरी पडद्यांचा ढीग पडलाय, नव्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचं काम आलंय, तरी म्हटलं, जाऊ. वाटेत सगळं सांगत गेले. शाळेचं फाटक पुन्हा रंगवलंय, आता निळं, मला आवडलं नाही. जुन्या खोलीच्या खिडकीत आज मोजे नाहीत, एक बाई केस वाळवतेय. गोदामाची भिंत आली तेव्हा हे म्हणाले, "घोडा आहे का गं?" म्हटलं, "आहे. तुमची चौकशी करत होता."

नदीकाठी गाडी बंद केली. काच खाली केली. ऊन उतरत होतं. घड्याळ मी घरीच ठेवलं होतं, मुद्दाम. आणि मग मी सांगायला लागले, जीव लावून, कापड निवडताना सांगते तसं. पाण्यावर कडेला कथिलासारखा रंग आहे, मध्ये गडद, अस्तराच्या कापडासारखा. पलीकडे कुणीतरी होडीचं बूड घासतंय, पाठ उघडी आहे, पाठीवर घाम चमकतोय. दोन पोरी पायऱ्यांवर बसून एकाच कणसाचे दाणे खातायत, धाकटीच्या वाट्याला कमी येतायत आणि तिला ते कळलंय. आभाळात एकच ढग आहे, खालून केशरी, पण भडक नाही, गिऱ्हाइकाला दाखवला तर फिका म्हणेल असा केशरी. किती वेळ बोलत होते कोण जाणे. घसा कोरडा पडला. म्हटलं, "ऐकताय ना?"

वळून बघते तर हे झोपलेत! तोंड किंचित उघडं, मान खिडकीला टेकलेली, चक्क घोरतायत. मी इथे आभाळाचा रंग जुळवतेय आणि हा माणूस घोरतोय!

उठवणार होते. हात उचललाही होता. मग ठेवला खाली.

कानाजवळ दाढीचे चार केस राहिले होते. रोज राहतात, आता आरशात दिसत नाहीत. शर्टाचं दुसरं बटण मी शिवलेलं, वेगळ्या दोऱ्याने. हात मांडीवर, बोटं अर्धवट वळलेली, स्टिअरिंग धरल्यासारखी. उतरतं ऊन कपाळावरून नाकावर आलं, नाकावरून ओठांवर आलं. मी बघत राहिले. पोरी कणीस संपवून निघून गेल्या. होडीवाला घरी गेला.

घोरणं थांबलं. डोळे न उघडताच हे म्हणाले, "गप्प का झालीस? काय करतेस?"

"बघतेय."

"काही कामधंदा नाही का तुला?"

"आहे की," म्हटलं. "ढीग पडलाय घरी. पडू दे."